छातीपर्यंत चुना

दार उघडलं तर दादा. चष्म्याच्या काचांवर, भुवयांवर, हातावरच्या केसांवर पांढरे ठिपके उडालेले आणि या सगळ्यातून वर आलेलं एवढं मोठं हसू. इतक्या सकाळी तो कधी येत नसे. तिच्या तोंडात दात घासायचा ब्रश तसाच होता. तिला वाटलं, घराला रंग काढायला घेतला असेल आणि वहिनीने वैतागून हाकलून दिलं असेल. बूट खराब आहेत म्हणून तो आत आला नाही, उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्याने सांगून टाकलं, "चिमे, तुझी झाडं चकाचक करून आलो. पाचही. खरूज झाली होती गं त्यांना." तिने आत जाऊन चूळ भरली, तोंड पुसलं, परत येऊन विचारलं, कुठली झाडं. उत्तर ठाऊक होतं. पण प्रश्न विचारला की मधे थोडा वेळ मिळतो. बस आगाराच्या मागची, तो म्हणाला, तुझ्या त्या दलदलीतली. सकाळच्या फिरण्यातल्या मंडळींना घेऊन तो कालपासून तिथे राबत होता. काथ्याच्या ब्रशांनी खोडं घासली, मग चुना दिला, छातीपर्यंत, सगळ्यांना एका रेषेत. जागेची पाहणी करायला समिती येणार ना पुढच्या आठवड्यात? मग झाडं अशी अवकळा आल्यासारखी बरी दिसतात का? तिला बसावंसं वाटलं, पण खुर्चीवर धुतलेले कपडे पडले होते. या घरात एक खुर्ची रिकामी नसावी याचा तिला इतका संताप आला की ती कपड्यांच्या घड्याच घालत सुटली. एक टॉवेल तिने दोनदा उलगडून पुन्हा घातला. दादा बाहेरून म्हणत होता, बघा, बाईसाहेबांच्या तोंडून शब्द फुटेना.

गाडीत चुन्याचा वास भरला होता. थंड, ओला, नव्या भिंतींचा वास. दादा नेहमीसारखा रस्त्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत गाडी चालवत होता, आणि ती समोर बघत होती. शैवाक म्हणजे शेवाळ नव्हे. हे वाक्य ती आयुष्यात इतक्या वेळा बोलली होती की दमून गेली होती. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर दातांच्या डॉक्टरसमोर आ वासलेल्या अवस्थेत. शैवाक म्हणजे एक बुरशी आणि एक शैवाल यांनी मांडलेला संसार. एकाने घर बांधायचं, दुसऱ्याने उन्हातून अन्न करायचं, आणि दोघांनी मिळून अशा जागी तग धरायचा जिथे एकटं कुणीच टिकलं नसतं. लोक ऐकून घेत आणि म्हणत, अच्छा, म्हणजे शेवाळच. त्यात या झाडांवरचं हे शैवाक म्हणजे शैवाकांतलंही अडेलतट्टू. जगात त्याचा माहीत असलेला पत्ता एकच, शहराच्या टोकाची ही पाणथळ, आणि तिच्यात गुडघाभर पाण्यात उभी असलेली ही पाच म्हातारी झाडं. तिथेही ते वाटेल तिथे उगवत नसे. पुराचं पाणी चढतं त्या रेषेच्या वर आणि माणसाच्या छातीच्या खाली, तेवढ्याच पट्ट्यात. वर गेलं तर सुकायचं, खाली गेलं तर कुजायचं. वर्षाला तांदळाच्या दाण्याएवढंही वाढायचं नाही. एक पुंजका टाचणीच्या डोक्याएवढा असल्यापासून तिने पाहिला होता. तो शर्टाच्या बटणाएवढा झाला तेव्हा तिचे केस पिकले होते. त्या दिवशी ती संग्रहालयातल्या कामावरून लवकर निघाली होती आणि हा आनंद कुणाला सांगावा हे न कळून तशीच घरी येऊन झोपली होती. छातीच्या खाली, तेवढ्याच पट्ट्यात. आणि चुना छातीपर्यंत. वैर धरून कुणी करायला गेलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं, असं तिला वाटलं. मग वाटलं, वैऱ्याने केलं असतं तर किती सोपं झालं असतं.

त्याला ही झाडं कळली कशी, हे तिने विचारलं. पेपरात फोटो आला होता तुझा, तो म्हणाला, झाडाला टेकून उभी होतीस, मागे आगाराची टाकी दिसत होती. त्याची हयात शहराच्या पाणीपुरवठ्यात गेली होती. टाकीवरून जागा ओळखणं त्याच्या डाव्या हातचा मळ. फोटो तिने नको म्हटलं होतं. संग्रहालयाच्या संचालकांनी पाठवला होता, संस्थेचं नाव होतं म्हणून. जागा लपवायची, पाटी लावायची नाही, कुणाला झाड दाखवायचं नाही, हे इतकी वर्षं तिने जिवापाड सांभाळलं, कारण दुर्मीळ म्हटलं की सुरी घेऊन येणारे हौशी लोक जगात कमी नाहीत. आणि आला कोण, तर दादा, बादली घेऊन. वडील गेल्यावर तिला शाळेत पोचवणारा, तिच्या वह्यांना कव्हरं घालणारा. ती झाडांच्या साली घरी आणायची तेव्हा आईपासून त्या पलंगाखाली लपवायला यानेच मदत केली होती. मोठेपणी मात्र त्याने कधी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. "काय म्हणतंय तुझं शेवाळ?" "बरं आहे." भावाबहिणीचं तिच्या कामाबद्दलचं बोलणं इतकंच. निवृत्त झाल्यावर तो खिडकीत बसायला लागला होता आणि छातीचं ऑपरेशन झाल्यावर तर तिथून उठेना. मग अलीकडे केव्हातरी फिरायला जाऊ लागला. त्याच्याबरोबर एक निवृत्त पोस्टमास्तर, एक दवाखाना मुलाला देऊन मोकळे झालेले दातांचे डॉक्टर, अशी टोळी जमली. या टोळीला काहीतरी विधायक करायचं होतं. विधायक हा शब्द आठवून तिला गाडीचं दार उघडून चालत्या गाडीतून उतरावंसं वाटलं.

झाडं दुरून दिसली. पांढरे मोजे घातलेले पाच पाय. पोस्टमास्तर काठावर ब्रश वाळत घालत होते आणि डॉक्टर त्यांना पाठमोरे उभे राहून केळं खात होते. ती बुटांसकट पाण्यात शिरली. गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून तिने पहिलं खोड बघितलं, दुसरं बघितलं. भिंगातून चुना फार सुंदर दिसतो, बर्फ पडलेल्या डोंगरासारखा. मधेच भेगा, आणि भेगांतून ब्रशने सोललेली, लालसर, उघडी साल. ती सावकाश पाचव्या झाडापर्यंत गेली. घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दादा मागे उभा होता. निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी ती पाकीट उघडताना असाच उभा राहायचा तो, न विचारता. तिने भिंग खाली सोडलं, वळली, आणि स्वतःला म्हणताना ऐकलं, "बरीच मेहनत घेतलीत." पोस्टमास्तर म्हणाले, छे छे, आपलीच झाडं. दादाने चष्मा काढून शर्टाला पुसला, चुना आणखी पसरला, आणि तो तसाच घालून तो त्या धुरकट काचांतून तिच्याकडे बघत राहिला.

संचालकांना सांगितलं तेव्हा आधी उठून त्यांनी खोलीचं दार लावलं. समितीपुढे काय म्हणायचं, याच्यावर ते बराच वेळ बोलले. पाणथळीला संरक्षण मिळणार होतं ते या शैवाकामुळे. शैवाक नाही म्हटलं की आगाराच्या वाहनतळाचा जुना प्रस्ताव फडताळातून बाहेर येणार. तेव्हा ते नाही असं म्हणायचं नाही. आहे असंही म्हणायचं नाही, कारण ते खोटं. काही अज्ञात व्यक्तींच्या अनवधानाने अंशतः बाधा पोचली असून पाहणी चालू आहे, असं म्हणायचं. जुने फोटो आहेतच. ती म्हणाली, अज्ञात व्यक्ती माझा भाऊ आहे. संचालक म्हणाले, तेच तर, तुम्हालाच सोयीचं आहे ते. ती आपल्या खोलीत येऊन बसली. भिंतीलगतच्या कपाटांत वाळवलेली शैवाकं पाकिटांत झोपली होती. त्यांत हेही होतं, कधीच मेलेलं, अतिशय व्यवस्थित. तेवढ्यात वहिनीचा फोन. वहिनीला काही माहीत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा वाचता येत होता. तुला आवडलं नाही वाटतं, असं म्हणत बसलेत, वहिनी म्हणाली. काय बिनसलंय ते मला नाही सांगितलंस तरी चालेल, फक्त त्यांना सांगू नकोस. किती दिवसांनी माणूस सकाळी शीळ घालत बूट घालतोय. ती बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की संचालक आणि वहिनी, दोघांनीही तिला गप्प बसायला सांगितलंय, एकाचं म्हणणं शहाणपणाचं आहे, दुसरीचं प्रेमाचं आहे, आणि तिला या दोन्हींचा वीट आलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा तिथे गेली, प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी फवाऱ्यात भरून आणि एक रंगाचा मऊ कुंचला घेऊन. उपयोग नव्हता, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. शैवाकाला त्या सालीतला आंबटपणा लागतो आणि चुना तो मारून टाकतो; आणि जे आधी खरवडलं गेलं त्याला चुन्याचं काय. पण नुसतं बसवत नव्हतं. ती एका बोटाएवढी जागा भिजवी, कुंचल्याने पुसे, भिंगातून बघे, पुढे सरके. पांढरं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. किती वेळ गेला कळलं नाही. मागे पाणी हललं म्हणून तिने मान वळवली तर दादा. राहिलेली बादली न्यायला आला होता. तो थोडा वेळ बघत राहिला.

"चुना पुसतेयस?"

तिने पुढची बोटभर जागा भिजवली.

"रेष वाकडी आली का?"

त्याने हे इतकं मनापासून विचारलं की तिने कुंचला खाली केला. आपण रडणार असं तिला वाटलं, पण आला तो राग, निव्वळ, जुना, बारीकसारीक गोष्टींवर वाढलेला राग. ती बोलत सुटली. शैवाक म्हणजे शेवाळ नव्हे इथपासून. लोकांना दिसतं ते सगळं घाण वाटतं, पुसून टाकावंसं वाटतं, एक जागा म्हणून जशी आहे तशी ठेवता येत नाही कुणाला, हात शिवशिवतात. तिने इतकी वर्षं या पाच झाडांवर स्वतःची सावलीसुद्धा बेताने पडू दिली. विचारावं, एक फोन करावा, एवढं साधं सुचू नये माणसाला. दादा गुडघाभर पाण्यात उभा राहून ऐकत होता. त्याला अजून समजलंच नव्हतं, आणि हे तिला आणखी असह्य झालं.

"दादा, ती खरूज नव्हती. तेच होतं ते."

"काय तेच?"

"ज्याच्यासाठी समिती येतेय ते. जगात इथेच होतं."

तो बादली खाली ठेवायला गेला आणि ती तरंगायला लागली. मग ती धरून ठेवत तो म्हणाला, मग पाटी का नाही लावलीस. तिने सांगितलं, लोक काढून नेतात म्हणून.  तो अगदी हळू म्हणाला, मी लोक होतो का गं. आगारातून एक बस सुटली, तिच्या मागच्या चाकांचा आवाज पाण्यावरून सरकत गेला.  मग तो पाचव्या झाडाकडे चालत गेला आणि पाण्याकडची बाजू दाखवत म्हणाला, इथे होतं. ओलं केलं की निळं व्हायचं, वाळलं की राखेसारखं. कडेला बारीक लव होती. हाताला गार लागायचं. "ब्रशने निघेना. चिवट होतं फार. मग मी नखाने काढलं, चिमे. एकेक." आणि त्याने आपला अंगठा वर धरला. अंगठ्याला काही नव्हतं, धुतलेला स्वच्छ अंगठा. कडेची लव बघायला तिला भिंग लागायचं. संचालकांना भिंगातूनही ती कधी दिसली नव्हती. त्या फवाऱ्याने त्याच्या डोक्यात मारावं आणि तो अंगठा आपल्या मुठीत घट्ट धरावा, असं दोन्ही एकदम तिला वाटलं. तिने झाडावर पाणी मारायला सुरुवात केली. फवारा रिकामा होऊन नुसती हवा फुसफुसायला लागली तरी ती मारत होती. दादा बादलीची कडी धरून शेजारी उभा राहिला.

समिती आली तेव्हा आभाळ भरून आलं होतं. अध्यक्षबाईंना कुणीतरी मोठ्या मापाचे रबरी बूट दिले होते आणि प्रत्येक पावलाला त्यांचा पाय आत वेगळा आणि बूट वेगळा चालत होता. दादाची टोळी इस्त्रीचे शर्ट घालून काठावर हजर होती. यायचं नाही असं तिने बजावलं होतं, म्हणजे येणारच. संचालकांनी अज्ञात व्यक्तींपासून सुरुवात केली. वाक्य अंशतः बाधेपर्यंत पोचलं आणि तिला ते पुढे ऐकवेना. ती मधेच म्हणाली, या पाच झाडांवरचं सगळं गेलं आहे. खोडं घासून चुना दिला आहे. आतल्या झाडांवर असेल किंवा नसेल. तिथे मांडीभर चिखल आहे, नीट पाहणी कधीच झालेली नाही. संचालकांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने सभेत चप्पल काढून टेबलावर ठेवली. अध्यक्षबाईंनी विचारलं, कुणी केलं हे. तिने तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. संचालकांचे ‘अज्ञात व्यक्ती’ हे जे शब्द तिला त्या दिवशी किळसवाणे वाटले होते तेच आता जिभेवर येऊन बसले होते.

"मी केलं," दादा म्हणाला. "हिने मला कधी जागा दाखवली नव्हती. मीच शोधून काढली."

पोस्टमास्तर म्हणाले, आम्हीही होतो, आणि त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर वाकून बुटाची नाडी बांधत होते. ती बराच वेळ बांधत होते. अध्यक्षबाई रागावल्या नाहीत, समजूतदारपणे बोलल्याही नाहीत. त्यांनी चिखलात अडकलेला बूट ओढून काढला आणि म्हणाल्या, पुढचा पूर येईपर्यंत आतली झाडं तपासा. सापडलं तर संरक्षण. नाही सापडलं तर आम्हाला काही आधार उरत नाही. झालं. गाड्या गेल्या. दादा तिच्याजवळ आला आणि त्याने विचारलं, आत जायला काय काय लागतं.

मग सुरू झालं ते निराळंच. ती सुट्टीच्या दिवशी जायची, तो रोज. एक लांब बांबू, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावर पोस्टमास्तरांच्या हातात, आणि पोस्टमास्तर पेपर वाचत. रोज संध्याकाळी फोन. चिमे, एका फांदीवर करडं काहीतरी आहे. चिमे, निळं सापडलं. ती काम टाकून धावायची आणि ते पक्ष्याची विष्ठा असे, किंवा पुरात अडकलेल्या पिशवीचा तुकडा, किंवा एकदा तर आगाराच्या खांबावरचा उडालेला रंग. नाही, दादा. नाही. हेही नाही. तो वादही घालायचा. तू भिंगातून नीट बघितलंस का, असं तिला विचारायचा, तिला. वहिनीने तिच्याशी बोलणं टाकलं, कारण एकदा तो छातीपर्यंत रुतला आणि तिला नि पोस्टमास्तरांना मिळून ओढून काढावा लागला, ऑपरेशन झालेला माणूस. काठावर चिखलाने माखून बसल्या बसल्या तो विचारत होता की डाव्या हाताचं ते झाड राहिलं ना आपलं. तिला वाटलं, या माणसाला आवरणं आपल्याच्याने होणार नाही, आधी त्याला अडवायला हवं होतं, आता यातून सोडवायला हवं. वैताग तोच होता. फक्त आता त्याला रोजची वेळ ठरली होती.

पूर आला, त्याने आतली वाट बुजवली. सापडलं नाही. तिने अहवालात तेवढंच लिहिलं आणि संचालकांनी सुचवलेली तीन विशेषणं खोडून टाकली. संरक्षण नामंजूर झालं. पुराचं पाणी ओसरल्यावर वाहनतळाची मंडळी यंत्र घेऊन आली, आणि पहिल्याच आठवड्यात ते यंत्र कलून चिखलात बसलं. ते बाहेर काढायला आणलेलं दुसरं यंत्रही बसलं. खाली कुठवर गाळ आहे याचा त्यांना थांग लागेना. मग वाहनतळ आगाराच्या पलीकडच्या मैदानात हलवला गेला आणि पाणथळ राहिली. अठरा वर्षं ती जीव तोडून सांगत होती की ही जागा अनमोल आहे, नाजूक आहे, जगात एकमेव आहे, आणि शेवटी ती वाचली कशाने, तर चिखल जरा जास्तच होता म्हणून. संचालकांनी तिचं अभिनंदन केलं. तिने धन्यवाद म्हटलं आणि खोलीत येऊन पाण्याचा ग्लास इतक्या जोरात ठेवला की शेजारच्या खोलीतून कुणीतरी काय झालं म्हणून डोकावून गेलं.

आता कुणी अहवाल मागत नाही. तरी सुट्टीच्या दिवशी ती आणि दादा जातात. पाच झाडांवरचा चुना पावसाने बराचसा उतरलाय, साल भरून आलीय, आणि तिच्यावर वाटेल ते येऊ लागलंय, कुठेही सापडणारी साधी हिरवट पुटं. त्या दिवशी तिला काम होतं, घरी जायचं होतं, दोरामुळे तळहात जळत होते. दादा आतल्या एका झाडापाशी वाकला होता, तिचं भिंग डोळ्याला लावून, दुसरा डोळा लहान मुलासारखा गच्च मिटून.

"हे ते नव्हे ना," तो म्हणाला.

ती दोर धरूनच पुढे झाली. एक नजर टाकली. पिवळसर, कपच्या कपच्यांचं, शहरातल्या कुठल्याही भिंतीवर मिळेल असलं.

"नाही."

"मला वाटलंच. याच्या कडेला लव नाही." आणि तो बघतच राहिला. पाण्यात त्याची सावली हलत नव्हती. वरून पानांतून एक थेंब त्याच्या मानेवर पडला, तोही त्याने पुसला नाही.

"नव्हे ना ते? मग बघतोयस काय अजून?"

"थांब गं जरा," तो म्हणाला. "बघू दे."

चिखल तिच्या बुटांच्या वर येऊ लागला होता. पलीकडे काठावर पोस्टमास्तर पेपराचं पान उलटत होते. तिने दोराला हातावर आणखी एक वेढा दिला, आणि वैतागून, त्याला दिसणार नाही अशा बेताने, ती थांबली.